पाणी गेलं, पण कळा नाहीत

दिवस भरलेत, रात्री एकदम पाणी गेलं, पण पोटात कळ नाही. अशा वेळी सिल्लोड-कन्नडकडच्या कितीतरी घरांत ठरतं, ‘कळा येऊ द्या, मग निघू.’ त्या घरातल्या आई-सासूबाईंना माझं कळकळीचं सांगणं आहे: पाणी किती वाजता गेलं ते लक्षात ठेवा आणि लगेच रुग्णालयात जायला निघा. पाणी हिरवट असेल, ताप असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर १०८ ला फोन करा.

पाणमोट फुटली की जंतूंना आत जायला वाट मिळते. सुमारे ६० टक्के बायकांना २४ तासांत आपोआप कळा येतात, हे खरं आहे. मग कळा आणायचं औषध कशासाठी? १९९६ साली सहा देशांतल्या ५,०४१ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना लगेच कळांचं औषध दिलं, काहींसाठी चार दिवसांपर्यंत वाट पाहिली. सिझेरियनचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. सलाईनमधून लगेच ऑक्सिटोसिन दिलेल्या मातांना जंतुसंसर्ग मात्र कमी झाला. ‘कळांचं औषध दिलं की सिझर होणारच’ ही भीती म्हणूनच मनातून काढा.

औषध कोणतं, हे गर्भाशयाच्या तोंडावर ठरतं. तोंड मऊ झालेलं असेल तर ऑक्सिटोसिन चांगलं. कळा फार जोराच्या झाल्या तर सलाईन बंद करता येतं. तोंड कच्चं असेल तर ते मऊ करणारं जेल ठेवतात, पण त्याला फ्रिज लागतो. दुसरा उपाय म्हणजे मिसोप्रोस्टॉल; त्याची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी पाण्याबरोबर घ्यायची असते. पाणी गेल्यावर वारंवार आतून तपासणी टाळलेली बरी, म्हणून तोंडाने घ्यायची ही गोळी मला मोलाची वाटते. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांमध्ये हीच गोळी आणि फोलीचा फुगा (गर्भाशयाच्या तोंडातून आत ठेवायची फुग्याची नळी) यांची तुलना झाली. २४ तासांत नैसर्गिक बाळंतपण गोळीने ५७ टक्के, तर फुग्याने ४७ टक्के बायकांचं झालं. त्या बायकांचा त्रास वेगळा होता, पण आपल्या सरकारी वॉर्डातही हे औषध नीट देता येतं, हे त्यातून दिसलं.

मात्र मिसोप्रोस्टॉलची २०० मायक्रोग्रॅमची गोळी घरी मोडून तुकडा देणं जिवावर बेतू शकतं. तुकडे सारखे पडत नाहीत आणि कळा आवरता येत नाहीत. आधीचं सिझर असेल तर या गोळीने गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. म्हणून घाटीच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या कुठल्याही रुग्णालयात पोचताच, कुणी विचारण्याआधी, पाणी गेल्याची वेळ आणि आधीचं सिझर सांगा. जुने कागदही सोबत ठेवा.