मण्यांतून अक्षराकडे

(माथेरान येथे बालवर्गाच्या पालकसभेत केलेले भाषण)



"मूल वर्षभर बालवर्गात जाते, पण अजून 'अ' काढीत नाही, तिथे नुसत्या माळा ओवतात," अशी तक्रार आपल्यापैकी काहींनी केली आहे. मुलाला काढून घेण्याचीही भाषा झाली. आज मला तिचेच उत्तर द्यावयाचे आहे.

अक्षर डोक्यात असले तरी ते कागदावर उतरते बोटांतून. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांवर त्याचा ताबा अजून बसावयाचा असतो. ज्याला सदऱ्याचे बटण लावता येत नाही, त्याच्याकडून पाटी गिरवून घेणे म्हणजे पाया नसताना भिंत चढविणे होय. ही चूक मीही केली आहे. एका मुलाला मी रोज बळेच गिरवावयास बसवी. पुढे तो पाटी दिसली की रडू लागे. त्याच्या हाती पाटीऐवजी माळ दिली, तेव्हा कुठे तो रमला.

1907 साली मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी बालगृह उघडले आणि हाताला काम देऊन शिकविण्याची वाट दाखविली. त्याच वर्षी अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई यांच्या जिद्दीने आपल्या माथेरानवर रेल्वे आली. 1945 साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे हीच त्यांनी साधने केली. आपण तेच करीत आहोत.

आमची रीत साधी आहे. बाजारात मिळणारी नळीसारखी मॅकरोनी घ्यावी. खराट्याच्या हिराचे टोक बोथट करून त्यात एक नळी अडकवावी. मुलाने एका हाताने हीर फिरवावा व दुसऱ्या हाताने कुंचला चालवावा; दोन्ही हात एकमेकांना साथ देऊ लागतात. रंग खाण्याचा व दाट असावा. पाणी जास्त झाले की नळी मऊ पडते. मग हीर मातीच्या गोळ्यात खोचून रात्रभर वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी बुटाची नाडी द्यावी. तिचे टोक कडक असल्याने मूल चिडत नाही. ओवताना अंगठा, तर्जनी व मधले बोट यांची जी चिमूट बनते, तीच उद्या पेन्सिल धरते. एक लाल, दोन पिवळे असा क्रम लावताना मोजणीही होते.

काही जणांनी विचारले, "ही अन्नाची नासाडी नव्हे काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मूठभरच मॅकरोनी घ्यावी आणि माळा सोडून पुन्हापुन्हा ओवाव्यात. मन तयार होत नसेल तर रात्रभर भिजवून मोठ्या माणसाने दाभणाने भोक पाडलेले चिंचोके घ्यावेत. पावसाळ्यात तर तेच बरे, कारण आपल्याकडे जिथे चामड्याच्या चपलेला बुरशी येते तिथे मॅकरोनीचा काय पाड! जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या गुंडाळून केलेले मणीही चालतात. मात्र गुंजा कदापि देऊ नयेत. त्या विषारी आहेत. तीन वर्षांखालील मुलाला मणी देऊ नयेत आणि मोठ्यांनाही नजरेआड ओवू देऊ नये. मणी घशात अडकतो. माळ गळ्यात घालून झोपूही देऊ नये.

पालकहो, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तेव्हा मूल घरी वेडीवाकडी माळ घेऊन आले तर "आज काय लिहिलेस?" असे विचारू नका. अम्मीने ती गळ्यात घालावी, अब्बांनी मणी मोजून घ्यावेत. घोड्याचा लगाम धरणारे, चप्पल शिवणारे आपले हात एका दिवसात तयार झाले नाहीत. मुलांच्या हातांनाही तेवढी सवड द्या. अक्षर आपोआप येईल.