नांव एक, ठिकाणें दोन



वर्ध्यापासून सुमारें ८ किलोमीटरांवरील सेवाग्रामचें मूळ नांव सेगांव. १९३६ सालीं महात्मा गांधी तेथें राहावयास आले आणि देशोदेशींचीं पत्रें त्या लहानशा खेड्याच्या नांवानें येऊं लागलीं. पण मुंबई-नागपूर लोहमार्गावरच, बुलढाणा जिल्ह्यांत, गजानन महाराजांचें शेगांव. अंतर एका अक्षराचें; टपाल इकडचें तिकडे जाऊं लागलें. अखेर १९४० सालीं गांवाचें नांवच बदलण्यांत आलें.

हें आठवण्याचें कारण घरगुती आहे. गेल्या पावसाळ्यांत वडिलांच्या तपासणीचा अहवाल मीं घाईघाईनें डॉक्टर जोशींस ई-मेलनें धाडला. दोन अक्षरें लिहितांच यंत्रानें नांव पुढें केलें, मीं तें स्वीकारलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं डॉक्टरांनीं विचारलें, “अहवाल कोठें आहे?” तो माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे गेला होता, तेही जोशीच! उपचारांचा एक दिवस वायां गेला.

दोष यंत्राचा म्हणावा, तर तें आपलें काम चोख करतें. नांवें वर्णानुक्रमानें लावलेलीं असलीं आणि दर वेळीं निम्मी यादी बाजूस सारली, तर १००० नांवांतून हवें तें सुमारें १० पायऱ्यांत सांपडतें. परंतु सुचवितांना पुष्कळ यंत्रें ज्याच्याशीं आपला पत्रव्यवहार अधिक, त्याचें नांव आधीं दाखवितात. नेहमींचा मनुष्य आणि या घटकेस हवा असलेला मनुष्य एकच असेल, असें थोडेंच आहे?

त्या दिवसापासून मीं वहीची शिस्त बदलली. नुसतें ‘जोशी’ न लिहितां ‘जोशी, डॉक्टर, रामनगर’ असें लिहितों. मग आडनांव विसरलें तरी ‘डॉक्टर’ किंवा ‘रामनगर’ शोधून काम भागतें. कांहीं नांवें देवनागरींत व कांहीं रोमन लिपींत असलीं, तर एकींतला शोध दुसरींतलें नांव दाखवीलच असा भरंवसा नाहीं. म्हणून लिपी एकच ठेवितों. एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी असल्यास एकत्र करितों. आणि पाठविण्यापूर्वीं पूर्ण पत्ता एकदां वाचतों. वेळ लागतो तो दोन क्षणांचा.

टपालखात्यानेंही हाच मार्ग धरला. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेंतून १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा अंकी पिनकोड आला. सेवाग्रामचा ४४२१०२, शेगांवचा ४४४२०३. दोन अंकांपर्यंत दोघे बरोबर चालतात आणि तिसऱ्याशीं वाट बदलतात. नांवाला दुसरी खूण जोडली कीं घोटाळा मिटतो.

त्या सहकाऱ्यांचें मात्र रात्रीं उत्तर आलें होतें: “वडिलांची प्रकृति कशी आहे? मीं येऊं का?” दहा वर्षांत मीं त्यांची विचारपूस केली नव्हती. त्यांची नोंद आतां मीं ‘जोशी, मित्र’ अशी केली आहे. आपणही आज रात्रीं आपली यादी उघडून पाहा. पत्ते तर नीट लागतीलच, पण त्यांत एखादें माणूसही सांपडेल.