आपल्या पायाखालचे सोलापूर

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे कार्यकारिणीने "सर, दहा-पंधरा मिनिटं बोला की ओ," म्हटल्यावर विषय शोधावा लागला नाही. पण आज हिमालय किंवा ॲमेझॉनचे जंगल नको. आपली सोसायटी जिथे उभी आहे, त्या जागेचाच भूगोल बघू. येत्या वार्षिक सभेत तिसरी बोअर घ्यायची की गच्चीवरचे पाणी जमिनीत सोडायचे, हा विषय आहे. त्याचे उत्तरही याच भूगोलात सापडते, असे माझे मत आहे.

आधी आपला पत्ता. पिनकोड नव्हे, पृथ्वीवरचा पत्ता. सोलापूर साधारण साडेसतरा ते अठरा उत्तर अक्षांशांच्या मध्ये आणि 76 पूर्व रेखांशाच्या जवळ आहे. आपली घड्याळे मात्र साडेब्याऐंशी अंशांवरच्या, म्हणजे मिर्झापूरजवळच्या वेळेप्रमाणे चालतात. एका अंशाला चार मिनिटे. म्हणजे घड्याळात बारा वाजले तरी आपल्या गच्चीवर खरी दुपार व्हायला सरासरी 26 मिनिटे बाकी असतात. मुलांनो, 10-11 मेच्या सुमारास दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. तिची सावली जवळजवळ नाहीशी झालेली दिसेल. सूर्य असा बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो. दुसऱ्यांदा येतो ऑगस्टच्या सुरुवातीला, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मेमधल्या त्या सूर्याने तळ्यातले, टाकीतले, मातीतले पाणी कसे उडून जाते, ते तुम्हाला सांगायला नको.

उन्हाळा असा, आणि पाऊस? नैऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि तिकडेच मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत असलेल्या आपल्या जिल्ह्याची सरासरी ढोबळमानाने साडेपाचशे मिलिमीटर. आपण पर्जन्यछायेत राहतो. त्यातही आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, परतीच्या वाटेवरचा.

मग या भागात माणूस टिकला कसा? माझे उत्तर एका शब्दाचे आहे: साठवणीवर.

पहिली साठवण मातीची. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर बसले, आणि दख्खनचे पठार तयार झाले. तो खडक झिजून काळी माती झाली. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरबांधणीत काळी माती काढून मुरूम भरतात तो यासाठीच. पण शेतकऱ्याला हीच माती तारते. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस ती पोटात धरून ठेवते. त्या ओलीवर, एकही पाणी न देता, थंडीत मालदांडी ज्वारी उभी राहते. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते या मातीमुळे. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

दुसरी साठवण घरातली. आपली कडक भाकरी घ्या. पातळ थापायची, खरपूस भाजायची, वाळवायची आणि डब्यात भरायची. महिनाभर काही होत नाही. कोकणातल्या दमट हवेत ती दोन दिवसांत मऊ पडेल. इथली कोरडी हवा आपण अशी कामाला लावली. शेंगांची चटणीही त्याच जातीची. प्रवासाला निघालेल्या माणसाला दुसरे काही नको.

तिसरी साठवण तळ्यांची. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथे तळे खोदवले. दरवर्षी संक्रांतीला नंदीध्वज घेऊन आपण त्यांच्या यात्रेत चालतो, पण एवढे लक्षात ठेवू या की या गावाच्या ग्रामदैवताचे मोठे काम पाण्याचे होते. पुढे इंग्रजी अमदानीत, 1871 साली, आदिला नदीवरचा एकरूख तलाव पूर्ण झाला. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. आणि 1980 साली भीमेवर उजनी धरण झाले, 117 टीएमसीचे.

उजनीची एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. हे धरण मुख्यतः आपल्या पावसाने भरत नाही. ते भरते पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसाने. म्हणजे सह्याद्रीने अडवलेले पाणी भीमा आपल्याकडे घेऊन येते आणि शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीतून ते शहरात येते. पण त्या पाण्याखाली अनेक गावे गेली. पाणी खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, लोक बघायला जातात. तिथे कुणाची घरे होती, शेते होती. नळ उघडा ठेवताना हे आठवावे.

आता माणसांकडे येऊ. 1860 साली सोलापूरला रेल्वे आली. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, म्हणजे आपली जुनी गिरणी सुरू झाली. काळ 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळाचा. शेती बुडालेल्या माणसाला इथे भोंगा ऐकू आला. हातमागावर बसणारी तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे तेलंगणातून येत गेली, पूर्व भाग वसला. दक्षिणेला आणि अक्कलकोटच्या बाजूला कानडी मुलूख. तुळजापूरच्या दिशेने थोडे गेले की 1948 पर्यंत निजामाची हद्द लागायची. अशा तिठ्यावर वसलेल्या गावात एक भाषा कशी राहील? आपल्याच जिन्यात बघा. पहिल्या मजल्यावर कानडी, दुसऱ्यावर तेलुगू, तिसऱ्यावर मराठी आणि उर्दू, आणि पाणी आले की हाक मात्र सगळ्यांना समजते! वेळ अमावास्येला शेतावर जाऊन पंगत करण्याची चाल आपण कानडी मुलखाबरोबर वाटून घेतो.

गिरण्या पुढे बंद पडल्या. यंत्रमाग राहिले, चादर आणि टॉवेल राहिले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे एका गावाचे हात ओळखले गेले. याच शहराजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांनी दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी केली. सहकार म्हणजे फक्त मेंटेनन्सची पावती नव्हे, हे त्या भगिनींनी दाखवून दिले.

आता आपल्या बोअरकडे. पंचवीस वर्षांपूर्वी आपला प्लॉट ज्वारीचे शेत होते. आज सगळीकडे फरशी आणि काँक्रीट आहे. दोन बोअर आहेत, एकीला एप्रिलपर्यंत पाणी असते, दुसरी फेब्रुवारीतच हवा सोडते. दोघींमध्ये अंतर फार तर पन्नास पावले. असे का? वाळूच्या प्रदेशात पाणी सगळीकडे पसरलेले असते. काळ्या पाषाणात तसे नसते. वरच्या मुरमात, खडकाच्या सांध्यांत आणि भेगांत तेवढे पाणी, बाकी घट्ट दगड. भेग लागली तर पाणी, नाही तर धूळ. खोल गेले म्हणजे पाणी वाढले, असा हिशेब इथे नाही. शिवाय तिसरी बोअर नवे पाणी आणणार नाही. बहुधा त्याच भेगांतले पाणी ती तिसऱ्या नळीने ओढेल. शेजारच्या सोसायटीचे ओढेल ते वेगळेच.

दुसरा हिशेब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सर्व इमारतींच्या गच्च्या मिळून 1000 चौरस मीटर धरा, पाऊस साडेपाचशे मिलिमीटर. झाले साडेपाच लाख लिटर. उडून गेले, वाहून गेले म्हणून वीस टक्के सोडा. उरले 4 लाख 40 हजार लिटर. दहा हजार लिटरचे 44 टँकर! हे पाणी आज पाइपातून गटारात जाते.

मात्र एक काळजी घ्यावी लागेल. ते पाणी बागेत सोडून चालणार नाही. जी काळी माती ज्वारीसाठी ओल धरून ठेवते, तीच पाण्याला खाली जाऊ देत नाही, फुगून वाट बंद करते. म्हणून शोषखड्डा काळी माती पार करून मुरमापर्यंत न्यावा लागेल. वरून दगड, खडी, वाळूची गाळणी हवी. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी बाहेर सोडायचे, गच्च्या मेमध्येच झाडायच्या. गाळणी दरवर्षी धुवायची. हे जमले तर उन्हाळ्यातले काही आठवडे आपले आपण निभावू. सगळा उन्हाळा निघेल असे मी म्हणत नाही.

कुणी म्हणेल, पाच वर्षांनी फ्लॅट विकून मी जाणार, मी कशाला पैसे भरू? त्यांना माझे एवढेच म्हणणे आहे: आपण सगळेच कुणी तरी साठवून ठेवलेले पाणी पितो. तळे खोदणाऱ्यांनी आपली नावे विचारली नव्हती.

बाळगोपाळांना एक काम देतो. या जूनपासून गच्चीवर पर्जन्यमापक ठेवू. रोज सकाळी साडेआठला एकाने वाचायचे आणि नोटीस बोर्डावर आकडा लिहायचा. वर्षभराने आपल्या सोसायटीचा स्वतःचा पाऊस आपल्याला माहीत असेल. मोठ्यांना विनंती, सभेला या, प्रश्न विचारा, आणि हात वर करण्याआधी तो आकडा बघा.