डोक्यातले धुके
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण काय ते शाळेत १५ ऑगस्टला पाठ करून म्हटलेले. पण त्या म्हणाल्या, "तुमच्यावर जे गुदरले तेच सांगा." म्हणून उभी आहे. विसरू नये म्हणून कागदावर लिहून आणले आहे, कारण विसरणे हाच माझा आजचा विषय आहे.

माझे माहेर आंबोलीचे. पावसाळ्यात तिथे असे धुके उतरते, की दारातून अंगणातले तुळशीवृंदावन दिसत नाही. २०२४ सालच्या आरंभापासून तसेच धुके माझ्या डोक्यात शिरले. माजघरात यावे आणि कशाला आले ते आठवू नये. आमटीत दोनदा मीठ पडावे. रोजच्या शेजारणीचे नाव ओठावर येऊ नये. घरात थट्टा होई, मीही हसे. पण मनातून फार घाबरले होते. माझी एक मावशी म्हातारपणी पोटच्या मुलांनाही ओळखीनाशी झाली होती. आपलेही तसेच होणार, असे वाटे. हे मी कोणालाच सांगितले नाही.

त्या वर्षी श्रावणात सोमवार पाच आले होते. एका सोमवारी सकाळी सासूबाईंना साखरेच्या आजाराची गोळी दिली. मग पूजेची तयारी, मुलाचा डबा, नळाचे पाणी. गोळी दिली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा दिली. त्यांनीही घेतली, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास. पूजा लांबली, खाणे लांबले. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. त्या शुद्धीवर होत्या, गिळत होत्या, म्हणून मुलाने लगेच साखरेचे पाणी पाजले आणि डॉक्टरांकडे नेले. सासूबाई वाचल्या. मी मात्र तिथेच रडत बसले.

डॉक्टरबाईंनी मला रागे भरले नाही. त्यांनी विचारले, "झोप किती? पाळी कशी आहे? जेवता केव्हा?" रात्री साडेअकराला पाठ टेकायची, पहाटे साडेचारला पाण्यासाठी उठायचे. पाळी वेळीअवेळी आणि अतिशय जास्त. आठवड्याला दोन उपास. त्यांनी माझे रक्त तपासायला पाठवले. बायकांचे हिमोग्लोबिन १२ तरी हवे, माझे ८.६ निघाले. बी-१२ हे जीवनसत्त्वही फार कमी. थायरॉइड तेवढे ठीक होते.

त्यांनी मला समजावले ते असे. या धुक्याला हल्ली ब्रेन फॉग म्हणतात. हे आजाराचे नाव नव्हे, लक्षण आहे. कारण निराळे शोधावे लागते. रक्त कमी असले, थायरॉइड बिघडले, झोप पुरली नाही, मन खचले, काही औषधे चालू असली, तरी असे होते. २०२० नंतर करोना होऊन गेलेल्या कित्येकांना असे झाले. पाळी जाण्याच्या दिवसांत शरीरातले स्राव वरखाली होतात, त्यानेही होते, आणि बहुतेकींचे पुढे निवळते. बी-१२ भाजीपाल्यात नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूधदुभत्यातून मिळते. आणि आपण तर सगळ्यांना दूध-दही वाढून उरले तर घेणार!

मला लोहाच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शने दिली. पाळीचाही इलाज केला. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घेते. जेवणाला लागून चहा घेत नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. पण भगिनींनो, माझे ऐकून परस्पर इंजेक्शन घेऊ नका. तुमचे कारण वेगळे असेल.

घरातही बदल केले. सात कप्प्यांची डबी आणली. सासूबाईंच्या गोळ्या रविवारी भरून ठेवते. कप्पा रिकामा म्हणजे गोळी दिली. गॅसवर दूध असले की तिथून हलत नाही. दिनदर्शिकेवर सगळे टिपते. रात्रीची भांडी आता हे आणि मुलगा आवरतात, मी दहाला निजते. पहिल्या दिवशी ह्यांनी कढई तेलकटच ठेवली. मी काही बोलले नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. एकाएकी बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातापायातले बळ गेले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, तरी डॉक्टरांना दाखवावे.

माझी चूक विसरण्याची नव्हती, लपवण्याची होती. आठ महिने आधी बोलले असते, तर सासूबाईंवर तो प्रसंग आला नसता. त्या आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सर्वांना सांग म्हणून त्यांनीच मला आज्ञा केली आहे. तेव्हा आपल्यातली कोणी विसरू लागली तर हसू नका. तिला विचारा, "झोप लागते का गं? रक्त तपासलेस का?"