गोगोलचं नाव आणि आमचं आडनाव



तुम्ही मला विषय दिलाय परदेशात गेलेल्या दक्षिण आशियाई लोकांचा सिनेमा आणि त्यांचे महोत्सव. ऐकूनच सूटबूट घालावासा वाटतो. टोरँटो, लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंकेतून तिकडं गेलेली माणसं हॉल घेतात, दोन-चार दिवस सिनेमे दाखवतात, बाहेर समोसा आणि चहा, आत टाळ्या आणि डोळ्यांत पाणी. मग विक्रोळीच्या, वडाळ्याच्या, चेंबूरच्या पोरांनी यात कशापायी डोकं घालायचं? घालायचं, कारण त्या पडद्यावर 'आपलं घर', 'आपली संस्कृती' म्हणून जे दाखवलं जातं त्यात तुमचं-माझंही नाव खपवलेलं असतं. आपल्याला न विचारता.

पण सगळंच टाकाऊ आहे असं म्हणून मी हात झटकणार नाही. तो आळशीपणा झाला.

'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' घ्या. १९८५ सालचा. हनीफ कुरेशीनं लिहिलेला, स्टीफन फ्रिअर्सनं केलेला. थॅचरबाईंचं लंडन. ओमर नावाचा पाकिस्तानी पोरगा आणि जॉनी हा गोरा, एकेकाळी फॅसिस्टांच्या टोळीत फिरलेला. ही दोन पोरं एकमेकांवर प्रेम करतात आणि कपडे धुवायचं दुकान चालवतात. ओमरचा चुलता घरमालक आहे, तो काळ्या भाडेकरूला बाहेर काढतो आणि हे काम जॉनीकडून करून घेतो. म्हंजे काय, तर गोऱ्यांच्या शिव्या खाणारा माणूस पैसा आला की स्वतःच काळ्याचं सामान रस्त्यावर फेकतो. हे आपल्याच माणसाबद्दल लिहायला छाती लागते. आपले लोक चिडले. समाजाची बदनामी झाली म्हणाले. समाजाची बदनामी हे वाक्य ज्यांच्याकडं समाजाची मालकी असते तेच बोलतात, हे लक्षात ठेवा.

मग १९९३ चा 'भाजी ऑन द बीच'. गुरिंदर चढ्ढाचा. बर्मिंगहॅमच्या बायका एका दिवसाची सहल काढून ब्लॅकपूलच्या समुद्रावर जातात. एकीनं मारकुटा नवरा सोडलाय, एका कॉलेजातल्या पोरीला काळ्या पोरापासून दिवस गेलेत, म्हाताऱ्या बाया तिच्या अंगावर ओरडतात. सिनेमा हसवतो आणि हसवता हसवता घरातला कचरा अंगणात आणून ओततो. टोरँटोत १९८८ पासून २००१ पर्यंत 'देश परदेश' नावाचा महोत्सव चालला. समलिंगी पोरापोरींनी, स्त्रियांनी, डाव्या कार्यकर्त्यांनी उभा केलेला. तिथं आरती ओवाळून उद्घाटन आणि मग नाच असला प्रकार नव्हता. आपल्या घरात काय सडलंय ते बोलायचं, याच्यासाठी ती माणसं जमत. हा धागा मी आपला मानतो.

आता मीरा नायरचा 'मिसिसिपी मसाला', १९९१ चा. यावर मी जरा थांबणार आहे.

ऑगस्ट १९७२. युगांडाचा इदी अमीन फर्मान काढतो की नव्वद दिवसांत सगळ्या आशियाईंनी देश सोडायचा. जय नावाचा वकील, जन्म कंपालातला, बायकापोर घेऊन निघतो. फिरत फिरत अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीतल्या ग्रीनवूड गावात, नातेवाइकांच्या मोटेलात येऊन पडतो. पोरगी मीना मोठी होते आणि डिमिट्रियसच्या प्रेमात पडते. डिमिट्रियस काळा. मोटेलांचे गालिचे धुतो, स्वतःची व्हॅन आहे, बँकेचं कर्ज डोक्यावर आहे. प्रकरण उघडं पडतं. मग काय होतं? मोटेलवाले त्याला काम द्यायचं बंद करतात. बँक हिशोब मागायला लागते. एकही माणूस बंदूक काढत नाही. फक्त त्याचं पोट बंद करतात.

मित्रांनो, याला आपल्या गावात काय म्हणतात? वाळीत टाकणं म्हणतात. दुकानदारानं किराणा द्यायचा नाही, पाटलानं रोजगारावर बोलवायचं नाही, चक्कीवाल्यानं दळण घ्यायचं नाही. ग्रीनवूडच्या मोटेलवाल्यांना हे तंत्र कुणी शिकवलं? गोऱ्यांनी? गोऱ्यांचं होतंच. पण ही मंडळी बोटीत बसतानाच ते गाठोड्यात बांधून घेऊन गेली होती. सिनेमा त्याला रंग म्हणतो. 'जात' हा शब्द काही या सिनेमाचा विषय होत नाही. मीरा नायर दारापर्यंत येतात, कडी वाजवतात आणि परत जातात.

आणि ते साल बघा. १९७२. जय कंपालातनं निघाला त्याच वर्षी इकडं मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव कुठनं घेतलं? १९६६ मध्ये ओकलंडला निघालेल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरकडनं. आपल्याकडं विमानाचं तिकीट नव्हतं, पासपोर्ट नव्हता, तरी आपण डिमिट्रियसच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. ज्यांच्याकडं तिकीट होतं ते मोटेलच्या गल्ल्यावर बसले. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. काळे लोक युनोकडं अर्ज करताहेत असं कळलं, त्याची प्रत मागितली. ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. परदेश आणि आपण यांच्यातलं खरं नातं त्या पाकिटात आहे. ते नातं या महोत्सवांच्या पडद्यावर यायला किती वर्षं लागली, ते पुढं सांगतो.

आधी 'द नेमसेक'. २००६ चा, पुन्हा मीरा नायर, झुंपा लाहिरीच्या कादंबरीवरून. इरफान खान आणि तब्बू. मला आवडतो, खोटं कशाला बोलू. बाप रेल्वेच्या अपघातातनं वाचतो, हातात गोगोल या रशियन लेखकाचं पुस्तक असतं, म्हणून अमेरिकेत जन्मलेल्या पोराचं नाव गोगोल ठेवतो. पोराला नावाची लाज वाटते. तो निखिल होतो. मग बाप गेल्यावर त्याला त्या नावाचा अर्थ कळतो. सगळा सिनेमा नावावर. महोत्सवातला प्रेक्षक रडतो, कारण प्रत्येकाला वाटतं की माझंही नाव गोऱ्या मास्तरणीनं असंच मोडलं होतं.

पण आडनाव? गांगुली. त्या आडनावाला सिनेमाभर कुणी हात लावत नाही. ते भिंतीसारखं उभं आहे, त्याला धक्का लागत नाही, म्हणून ते कुणाला दिसतही नाही. गांगुली म्हंजे कुलीन ब्राह्मण. कोलकात्यात तेच, न्यूयॉर्कमध्ये तेच. पोरगा नाव बदलू शकतो, कारण आडनाव त्याला सांभाळतं. आणि आपल्याकडं उलटं. आपल्या पोराचं नाव राहुल असो, सिद्धार्थ असो, नावाशी कुणाला देणंघेणं नसतं. मुलाखतीत विचारतात, पूर्ण नाव? आडनाव गावावरनं केलेलं असलं तर पुढचा प्रश्न, मूळ गाव कुठलं? गावात कुठं? वडील काय करायचे? असा एकेक पापुद्रा सोलत जातात. हा सिनेमा कुणी काढला? कॅलिफोर्नियातल्या ऑफिसात जानवं आहे का ते बघायला पाठीवर हात फिरवतात असं आपली तिथली पोरं सांगतात. त्या हाताचा क्लोजअप मला कुठल्या परदेशस्थ दिग्दर्शकानं दाखवलाय?

बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात गुरू रविदासांच्या अनुयायांचं स्वतःचं भवन आहे. वुल्वरहॅम्प्टनला, बेडफर्डलाही आपली माणसं आहेत, रविदासी आहेत, आंबेडकरी बौद्ध आहेत. पंजाबातनं गेलेली, फाउंड्रीत राबलेली माणसं. वेगळं भवन का बांधावं लागलं, हा प्रश्न 'भाजी ऑन द बीच'च्या बसमध्ये चढत नाही. बस बर्मिंगहॅमचीच आहे. आणि हा काही जुना, मेलेला प्रश्न नाही. ब्रिटनच्या पार्लमेंटनं २०१३ साली समानतेच्या कायद्यात जात घालायचं बंधन सरकारवर टाकलं. २०१८ साली सरकारनं सांगितलं, घालणार नाही. अमेरिकेत सिएटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियात तसं विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसमनं व्हेटो मारला. विरोधात कोण उभं होतं? आपली 'कम्युनिटी'. जी महोत्सवात गोगोलसाठी रडते, तिच्यातलीच माणसं. आमची बदनामी होते म्हणाले. ऐकलंय ना हे वाक्य कुठंतरी?

तर मग जात तिकडच्या पडद्यावर आणली कुणी? एका काळ्या बाईनं. एव्हा ड्यूव्हर्ने. इझाबेल विल्करसनच्या 'कास्ट' या पुस्तकावरनं २०२३ मध्ये 'ओरिजिन' काढला. कॅमेरा घेऊन दिल्लीला आली. बाबासाहेब पडद्यावर आणले, गटारात उतरणारा माणूस आणला, आपल्या नांदेडचा सूरज येंगडे त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहे. सिनेमा मला थोडा शाळेच्या धड्यासारखा वाटतो, ते वेगळं. पण चाळीस वर्षं ज्यांनी 'घर' 'घर' केलं त्यांना घरामागचं गटार दिसलं नाही आणि हिला आल्या आल्या दिसलं. ड्यू बॉइसच्या पाकिटाचं उत्तर असं सत्याहत्तर वर्षांनी पडद्यावर आलं.

त्याच्या आधी आपल्या माणसांनी वाट बघणं सोडून दिलेलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्कला आंबेडकरी संघटनांनी दलित सिनेमाचा स्वतःचा महोत्सव भरवला, दोन दिवस. जागा कुठली? एक दिवस कोलंबिया विद्यापीठ. जिथं १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले ते कोलंबिया. नागराज मंजुळे गेला, पा. रंजित गेला. 'फँड्री' होता, 'काला' होता. मी तिथं नव्हतो, त्यामुळं तिथल्या टाळ्यांचं वर्णन करणार नाही. पण 'फँड्री'चा शेवट तुम्हाला पाठ आहे. जब्या दगड उचलतो आणि सरळ कॅमेऱ्याकडं भिरकावतो. तो दगड अकलूज-करमाळ्याच्या थेटरात बसलेल्याला लागतो, हे आपण धरूनच चालतो. मॅनहॅटनमध्ये तो कुणाला लागतो? गोरा माणूस म्हणेल, हा भारतातला प्रश्न. समोसावाला म्हणेल, हा खेड्यातला प्रश्न. महोत्सव आपला असला की एवढंच होतं की दगड हवेत असताना दिवे लावून चहाला पळता येत नाही. चर्चा आपण घेतो. माईक आपल्या हातात असतो.

आता 'संतोष'. संध्या सूरी, ब्रिटनची दिग्दर्शिका. २०२४ ला कानला दाखवला, ब्रिटननं ऑस्करला पाठवला. हिंदी सिनेमा, उत्तर भारतातलं गाव. विधवा बाईला नवऱ्याच्या जागी पोलिसात नोकरी मिळते आणि पहिल्याच मोठ्या प्रकरणात दलित पोरीचा मुडदा विहिरीतनं निघतो. पोलीस एका मुसलमान पोराला पकडून मारून टाकतात. जात, धर्म, खाकी, सगळं एका जाग्यावर. सेन्सॉर बोर्डानं इतकी काटछाट मागितली की २०२५ मध्ये तो इथल्या थेटरात लागलाच नाही. म्हंजे परदेशस्थ कॅमेरा अंगणातनं उठून विहिरीपाशी गेला की सरकारला तो चालत नाही. लॉनवरच्या लग्नाला परवानगी, विहिरीला नाही. या बाईच्या बाजूनं मी उभा आहे, बंदीच्या विरोधात तुम्हीही उभं राहायला पाहिजे.

पण उभं राहून एक प्रश्न विचारणारच. आपली पोरगी सिनेमात येते तेव्हा ती मेलेलीच का असते? जब्या जिवंत आहे. तो प्रेम करतो, काळ्या चिमणीमागं फिरतो, जीन्स मागतो, दगड मारतो. विहिरीतली पोरगी काहीच करत नाही. तिच्यामुळं दुसऱ्या बाईला शहाणपण येतं.

तुमच्यातली काही पोरं शॉर्ट फिल्मा करताहेत, बाहेर पाठवताहेत. चांगलं आहे, पाठवा. पण एक खाचखळगा सांगतो. महोत्सवाला आपलं दुःख पाहिजे असतं आणि ते त्याच्या मापाचं पाहिजे असतं. वीस मिनिटं, एक बलात्कार, एक गटार, शेवटी एक गप्प चेहरा. आपल्या जयंतीतला बेफाम नाच, आपल्या आजीच्या शिव्या, पोराचं पहिलं पगारपत्रक, हे पाठवलं की विचारतात, यात दलित काय आहे? आणि ते सबटायटल! पात्र मराठीत जातीवरनं अशी शिवी देतं की ऐकणाऱ्याच्या कानात शिसं जावं आणि खाली इंग्रजीत येतं 'खालच्या जातीचा'. च्यायला, शिवीचा रेशनकार्डावरचा शिक्का करून टाकतात. आपली सबटायटलं आपण लिहा. कळलं नाही तर विचारू दे त्यांना.

शेवटचं. याच संध्या सूरीनं २००५ मध्ये 'आय फॉर इंडिया' केला. तिचे वडील डॉक्टर, १९६५ मध्ये ब्रिटनला गेले. त्यांनी छोटे कॅमेरे आणि टेपरेकॉर्डर घेतले, एक संच स्वतःकडं ठेवला, एक इकडं घरी पाठवला. चाळीस वर्षं दोन्हीकडची माणसं एकमेकांना चित्र आणि आवाज पाठवत राहिली. त्यातनं सिनेमा झाला. डॉक्टरला ते परवडलं. पण आता तुमच्या गल्लीतनंही माणसं परदेशात आहेत. दुबईला, कतारला, सौदीला. कुणी फिटर, कुणी ड्रायव्हर, कुणी बाई घरकामाला. ती मोबाईलवर व्हिडिओ पाठवतात. खोलीत वरखाली लावलेले पलंग, शुक्रवारची सुट्टी, खोलीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, चौदा एप्रिलला लपून कापलेला केक. तोही परदेशस्थ सिनेमा आहे, फक्त त्याचा महोत्सव कुणी भरवत नाही. मेमरी भरली की पोरं ते पुसून टाकतात. उद्यापासून घरोघर जाऊन मागून घ्या, तारखा विचारून वहीत लिहा, दोन ठिकाणी कॉपी ठेवा. येत्या जयंतीला विहारामागच्या भिंतीवर चादर लावायची आणि दाखवायचे. यादी करायला कोण कोण येणार, त्यांनी आत्ताच हात वर करा.