दोन संसारांची कागदपत्रे

इतिहासाच्या आधाराने कादंबरी लिहिणाऱ्याला लढाया आणि तह यांपेक्षा एखाद्या घरातला संसार अधिक अवघड जातो. लढाईची नोंद दोन्ही पक्षांच्या दफ्तरांत राहते. संसाराची नोंद मात्र बहुधा ज्याच्या हाती लेखणी असते त्याचीच राहते, आणि पुढच्या पिढ्या तिलाच इतिहास मानतात. अशा वेळी कादंबरीकाराने काय करावे? एकोणिसाव्या शतकातील दोन विवाह, एक लंडनमधला आणि दुसरा महाराष्ट्रातला, हे या व्याख्यानाचे निमित्त आहे.

चार्ल्स डिकन्स आणि कॅथरिन होगार्थ यांचा विवाह २ एप्रिल १८३६ रोजी झाला. १८३७ ते १८५२ या काळात कॅथरिनला दहा अपत्ये झाली. घरातील चुलीची ऊब आणि अनाथ मुलांचे दुःख यांचा थोर चित्रकार म्हणून डिकन्सची कीर्ती याच वर्षांत पसरली. १८५७ मध्ये एका नाट्यप्रयोगाच्या निमित्ताने एलेन टर्नन या अठरा वर्षांच्या अभिनेत्रीशी त्याचा परिचय झाला आणि पुढच्याच वर्षी पतिपत्नी विभक्त झाली. कॅथरिनला वर्षाला सहाशे पौंडांची नेमणूक मिळाली. थोरला मुलगा तेवढा तिच्यासोबत गेला. बाकीची मुले पित्याकडे राहिली आणि तिची धाकटी बहीण जॉर्जिना हीसुद्धा मेहुण्याचे घर सांभाळण्यासाठी तेथेच थांबली. जून १८५८ मध्ये डिकन्सने स्वतःच्या साप्ताहिकात निवेदन छापून आपली बाजू जगापुढे मांडली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका पत्रात तर पत्नीला अधूनमधून मनाचा विकार होतो, असे सुचविलेले होते. १८६० मध्ये त्याने आपल्याला वीस वर्षांत आलेली पत्रे घरामागील शेतात जाळून टाकली.

कॅथरिनने आपली कैफियत छापली नाही. तिने पतीची जुनी पत्रे मात्र जपली. १८७९ मध्ये मृत्यूपूर्वी ती तिने मुलगी केट हिच्या स्वाधीन केली व ब्रिटिश म्युझियमकडे देण्यास सांगितले. आपल्या पतीचे एके काळी आपल्यावर प्रेम होते, एवढे जगाला कळावे, इतकीच तिची इच्छा होती. गेनर आर्नल्ड या लेखिकेने २००८ मध्ये, नावे बदलून, याच संसारावर ‘गर्ल इन अ ब्ल्यू ड्रेस’ ही कादंबरी लिहिली आणि विधवा पत्नीला बोलते केले. पुढे २०१९ मध्ये कॅथरिनच्या एका शेजाऱ्याची पत्रे उजेडात आली. डिकन्सने आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याचा प्रयत्न केला होता, असे कॅथरिनने उतारवयात सांगितल्याचे त्यांत नमूद आहे. जाळलेल्या कागदांची राख कोणाला वाचता येत नाही. पण जपलेला एखादा कागद शतकानंतरही साक्ष देतो.

महाराष्ट्रातील संसाराची गोष्ट उलट दिशेने जाते. येथे कीर्ती पत्नीला मिळाली. १८६५ मध्ये जन्मलेली कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या टपालखात्यातील बिजवराची पत्नी झाली आणि आनंदी हे नाव तिला मिळाले. तिला शिकविण्याचा गोपाळरावांचा हट्ट त्या काळच्या लोकरीतीला सोडून होता. कोवळ्या वयात झालेले मूल दहा दिवसांत गेले. १८८३ मध्ये ती एकटी अमेरिकेस गेली. ११ मार्च १८८६ रोजी तिने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने तिचा अंत झाला.

या संसाराचे कागद टिकले. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये बॉस्टन येथून आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे कादंबरीकार म्हणूनही नाव मिळविलेल्या काशीबाई कानिटकर यांनी पत्रव्यवहाराच्या आधारे मराठी चरित्र लिहिले. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी खाल्लेला लाकडाचा मार, अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या यांचा हिशेब मांडला आहे. तरीही ही वागणूक चांगली की वाईट, याचा निवाडा त्या एका शब्दात करीत नाहीत. ती दोन्ही होती, असे त्यांचे उत्तर आहे. हे लिहिणारी मुलगी जेमतेम विशीतली होती.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरून नाटक झाले आणि मराठी घराघरांत ही कथा पोहोचली. कादंबरीने गोपाळरावांना देवही केले नाही आणि राक्षसही केले नाही, हे तिचे मोठे यश आहे. मात्र त्या विक्षिप्त, तापट आणि ध्येयवेड्या पुरुषाचे चित्र इतके ठसठशीत उतरले की, आनंदीबाई म्हणजे गोपाळरावांची निर्मिती, अशी समजूत पुष्कळ वाचकांच्या मनात रुजली. डिकन्सने पत्नीचा आवाज निवेदन छापून दाबला. चांगली कादंबरी तसा हेतू नसतानाही, केवळ दुसऱ्या पात्राच्या प्रभावामुळे, तेच करू शकते.

म्हणून अशा कादंबरीची कसोटी केवळ सनावळीच्या अचूकपणाची नसते. कागद जेथे संपतो तेथे कल्पनेने पुढे जाण्याचा अधिकार लेखकाला आहे. कॅथरिनच्या बाबतीत त्यावाचून गत्यंतरच नाही. परंतु जेथे त्या स्त्रीने आपल्या संसाराविषयी स्वतःचे मत स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे, तेथे कल्पनेने त्या मतावर कुरघोडी करू नये. ‘आनंदी गोपाळ’ वाचून भारावलेल्या वाचकाने एवढे जरूर करावे: कादंबरी मिटल्यावर आनंदीबाईंची पत्रे उघडावीत. त्यांच्या संसाराची बाजू मांडायला त्यांना वकील लागत नाही. वाचक मात्र लागतो.