संप आणि संपर्क

(विद्यापीठीय शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



या सत्रासाठी मला दिलेला विषय आहे ‘संपकाळातील सभासदांचे संघटन’. मी पत्रकार. संप मी पाहिले ते बाहेरून. द्वारसभा रंगात आलेली असताना वही-पेन घेऊन कडेला उभे राहून. पावतीपुस्तक हातात घेऊन ज्यांनी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे जिने झिजवले, त्यांना संघटना कशी बांधावी हे मी सांगू लागलो तर ते धार्ष्ट्य ठरेल. म्हणून उपदेश न करता एका संपाची हकिगत सांगतो. तो आपल्या देशातला नाही. तो चालवणाऱ्यांची वैचारिक बैठकही आपल्याहून निराळी होती. तरीही त्यातील कार्यपद्धती तुम्हाला ओळखीची वाटेल, आणि ती का वाटते याचा विचार या वर्गात व्हावा अशी माझी इच्छा आहे.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन नावाचे शहर आहे. तेथील येल विद्यापीठ १७०१ साली स्थापन झाले. ज्याचे नाव ते मिरवते तो एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा, म्हणजे सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर. मद्रासेत खाजगी व्यापारातून त्याने इतकी माया जमवली की १६९२ मध्ये कंपनीनेच त्याला पदावरून दूर केले. पुढे त्याने या लहानशा शिक्षणसंस्थेला नऊ गासड्या माल आणि ४१७ पुस्तके पाठवली. मालाच्या विक्रीतून ५६२ पौंड आले आणि १७१८ मध्ये संस्थेला त्याचे नाव मिळाले. हिंदुस्थानातून गेलेल्या संपत्तीवर कोणाकोणाच्या वास्तू उभ्या राहिल्या, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. तो तूर्त बाजूला ठेवू.

१९८० च्या सुमारास या श्रीमंत विद्यापीठात लिपिक, टंकलेखिका, ग्रंथालयातील सेवक, प्रयोगशाळा साहाय्यक असे सुमारे २,६०० कर्मचारी होते. त्यांत दर शंभरात ऐंशीहून अधिक महिला. सरासरी वेतन वर्षाला साडेतेरा हजार डॉलरच्या आत. त्याच विद्यापीठातील मालमोटारचालकाला याहून बरेच अधिक मिळे. चालकाला जास्त का, अशी तक्रार या भगिनींनी केली नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की एक संपूर्ण विभाग जिच्या स्मरणशक्तीवर चालतो, तिच्या कामाचे मोल कमी का? त्या काळी अमेरिकेत पुरुषाला एक डॉलर मिळे तेथे स्त्रीला ५९ सेंट मिळत, असा हिशेब सर्वतोमुखी होता. लोकशाहीचे धडे जगाला देणाऱ्या देशाची ही अवस्था!

यापूर्वी निरनिराळ्या संघटनांनी या कर्मचाऱ्यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न केले होते. ते सर्व फसले. कारण उघड होते. हे लोक दोनशेच्या आसपास इमारतींत विखुरलेले. कोठे चार जण, कोठे एकटीच. कारखान्याला एक फाटक असते, एक भोंगा असतो, पाळी सुटली की हजार माणसे एकदम समोर येतात. विद्यापीठात तसे काहीच नसते. त्यातच ज्या प्राध्यापकाच्या हाताखाली पंधरा वर्षे काम केले, ज्याच्या घरच्या लग्नाला आपण गेलो, त्याच्याविरुद्ध उभे कसे राहायचे, हा संकोच. तुमच्यापैकी विभागांत काम करणाऱ्यांना हा संकोच मी समजावून सांगण्याची गरज नाही.

यावेळी पुढाकार घेतला तो भोजनगृहे आणि देखभाल विभागातील कामगारांच्या जुन्या संघटनेने. ही संघटना ‘लोकल ३५’ म्हणून ओळखली जाते. विन्सेंट सिराबेला हे तिचे ज्येष्ठ नेते आणि जॉन विल्हेल्म त्यांचे तरुण सहकारी. विल्हेल्म स्वतः येलचेच १९६७ चे पदवीधर; पदवी घेऊन मोठ्या नोकरीच्या मागे न लागता कामगारांत काम करू लागले. आपल्या परिभाषेत सांगायचे तर पूर्णवेळ कार्यकर्ते. त्यांनी प्रारंभीचा बराच काळ पत्रके वाटली नाहीत, सभासदत्वाचे अर्ज भरून घेण्याची घाई केली नाही. केले ते एकच काम: एकेका व्यक्तीला भेटणे. जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी घरी, सुट्टीच्या दिवशी. भेटीत बोलायचे कमी आणि ऐकायचे अधिक. अडचण कोणती, भीती कशाची, विभागात इतरजण कोणाचा शब्द मानतात, याची नोंद ठेवायची. ज्याचा शब्द मानला जातो त्याला समितीत घ्यायचे. अशी चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांची समिती उभी राहिली. २,६०० मध्ये चारशे, म्हणजे सहा-सात जणांमागे एक. शाखेत गटनायक ही व्यवस्था कशासाठी असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गणिताचे नवल वाटणार नाही. आणि मग या सर्वांनी आपापली नावे छापून जाहीर केली. नोकरीवर असताना, संघटनेला मान्यता मिळण्यापूर्वी! भय गेले ते येथे. एकटीचे नाव पुढे आले असते तर तिची बदली झाली असती. चारशे जणांची बदली कोण करणार?

मे १९८३ मध्ये मान्यतेसाठी मतदान झाले. ‘लोकल ३४’ ही नवी संघटना विजयी झाली ती अवघ्या ३९ मतांनी. तीन वर्षांची पायपीट आणि अंतर ३९ मतांचे. त्यातील एखाद्या इमारतीत कोणी फिरकलेच नसते तर पुढचा इतिहास घडला नसता.

विजय एवढा निसटता असल्यामुळे नेत्यांना आपली खरी शक्ती ठाऊक होती. विद्यापीठाने वाटाघाटी लांबवल्या. १९८४ च्या वसंत ऋतूत संपाची वेळ आली होती. पण पैशाचे मुद्दे बाजूला ठेवून उरलेल्यांवर अंशतः करार करण्यात आला आणि संप टळला. पुष्कळांना ती कच खाल्ल्यासारखी वाटली असेल. मला मात्र त्यात शहाणपण दिसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठ ओस पडते, आणि ओस पडलेल्या वास्तूपुढे संप कोणाला जाणवणार? शिवाय मधले महिने मतदानात विरोधात गेलेल्यांशी बोलण्यासाठी मिळाले. अखेर २६ सप्टेंबर १९८४ रोजी संप सुरू झाला.

हा संप शंभर टक्के नव्हता, हे मुद्दाम सांगतो. निदान एक तृतीयांश कर्मचारी कामावर जात राहिले. आपल्याकडे अशा वेळी काय होते? पहिल्या दिवशी ‘गद्दार’ म्हणून नावे फळ्यावर लिहिली जातात, दुसऱ्या दिवशी बांगड्यांचा आहेर होतो, आणि तिसऱ्या दिवसापासून ती माणसे कायमची दुरावतात. डाव्या संघटनांकडून ही सवय सर्वत्र पसरली. आपणही तीपासून सर्वस्वी अलिप्त आहोत असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. वर्गसंघर्षाचे तत्त्वज्ञान मानले की शत्रू लागतोच, आणि मालक हाती लागला नाही तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी शत्रू ठरतो. कामावर जाणाऱ्या स्त्रीला एकटीला घर चालवायचे असेल, नवऱ्याची नोकरी गेलेली असेल. आज ती आत आहे म्हणजे ती उद्याही आतच राहील असे धरून चालणाऱ्याने संघटना बांधण्याच्या भानगडीत पडू नये.

या संपाचे बळ आणखी एका गोष्टीत होते. भोजनगृहातील आचारी, सफाई कामगार, दुरुस्ती करणारे गवंडी-सुतार यांची संख्या हजाराच्या आसपास. त्यांत पुरुष अधिक, आणि बरेचसे कृष्णवर्णीय. त्यांचा स्वतःचा करार चालू होता, त्यांना मिळवायचे काही नव्हते. तरीही या लिपिक भगिनींनी धरलेली रांग ओलांडून आत जायचे नाही, असे त्यांतील बहुसंख्यांनी ठरवले आणि दहा आठवडे पगार सोडला. भोजनगृहे बंद पडली; विद्यार्थ्यांना जेवणाचे पैसे रोख द्यावे लागले. आता जरा आपल्या प्रशासकीय भवनाकडे पाहा. वर्ग ३ चा कर्मचारी आणि वर्ग ४ चा कर्मचारी एकाच छताखाली आयुष्य काढतात, पण चहा एका टेबलावर घेतात का? शिपाई म्हणून लागलेल्या माणसाचे आडनाव किती लिपिकांना ठाऊक असते? समरसतेवर आपण भाषणे पुष्कळ करतो. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात तिची परीक्षा होते, आणि तेव्हा अभ्यासाला वेळ उरलेला नसतो.

विद्यार्थ्यांचा प्रश्न तेथेही होताच. मात्र अनेक प्राध्यापकांनी आपले तास विद्यापीठाच्या आवाराबाहेर, चर्चमध्ये, चित्रपटगृहात घेतले. शिकवणे चालू राहिले आणि रांगही ओलांडली गेली नाही. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये आश्वासित प्रगती योजना आणि वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी विद्यापीठीय व महाविद्यालयीन शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० तारखेपासून बेमुदत संप पुकारला. मागण्या रास्त होत्या. परंतु परीक्षा हे एकच शस्त्र आपल्यापाशी आहे का, त्याची धार विद्यार्थ्याच्या मानेवर पडते तेव्हा पालक कोणाच्या बाजूने उभे राहतात, आणि संपापूर्वी आपल्यापैकी कितीजण विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांशी, प्राध्यापकांशी, निदान एका पालकाशी बोलले होते, हे प्रश्न गटचर्चेत मोकळेपणाने घ्यावेत.

येलमध्ये कठीण प्रसंग डिसेंबरात आला. नाताळची दीर्घ सुट्टी तोंडावर होती. आवार रिकामे होणार, थंडी कडाक्याची, घरात पैसा नाही. शेकडो जणांनी शांततेने अटक करवून घेतली होती, वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली होती. पण करार नव्हता. तेव्हा नेत्यांनी एक विलक्षण प्रस्ताव सभासदांपुढे ठेवला. करार न करताच कामावर परत जायचे. सुट्टीचा पगार विद्यापीठाकडूनच घ्यायचा, आणि जानेवारीत आचारी-कामगारांचा करार संपला की दोन्ही संघटनांनी मिळून पुन्हा बाहेर पडायचे. विचार करा, दहा आठवडे उपाशी राहिलेल्या माणसाला ‘उद्यापासून कामावर जा, हाती काही नाही’ हे सांगायचे कसे? भाषणाने ते होत नाही. भाषण करणाऱ्यावर चप्पल येते. येथे सभासदांनी आपसात तासन् तास खल केला, विरोध झाला, शंका निघाल्या, आणि शेवटी ते मान्य झाले. कारण समजावून सांगणारा माणूस व्यासपीठावरचा नव्हता, शेजारच्या टेबलावरचा होता. डिसेंबरच्या आरंभी सर्वजण एकत्र आत गेले. जानेवारी १९८५ मध्ये दुसऱ्या संपाच्या उंबरठ्यावर विद्यापीठाने करार केला. तीन वर्षांत २० टक्क्यांहून अधिक सरसकट वेतनवाढ, जुन्या सेवकांसाठी वेगळे टप्पे, निवृत्तिवेतनात सुधारणा.

त्याच काळात आपल्या मुंबईत काय चालले होते? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप. सुमारे अडीच लाख कामगार. त्यागात, चिकाटीत तो जगातील कोणत्याही संपाला हार जाणारा नव्हता. डॉ. दत्ता सामंत यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आणि कामगारांच्या त्यांच्यावरील निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मालकांचा आडमुठेपणा होता, १९४६ च्या कायद्याने एकाच संघटनेला दिलेली मान्यता होती, सरकारची उदासीनता होती. हे सारे खरे. परंतु आत कसे जायचे, हा निर्णय घेण्याची आणि तो चाळीतल्या खोलीपर्यंत पोचवण्याची व्यवस्था नव्हती, असे माझे मत आहे. मग माणसे एकेकटी, मान खाली घालून, गेटवर परत गेली. पुष्कळ गावाकडे गेली ती कायमची.

श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघाची घोषणा केली तेव्हा संलग्न संघटना एकही नव्हती. त्यापूर्वी त्यांनी इंटकमध्ये राहून कामगार क्षेत्राचा अभ्यास केला होता. संपाचे शस्त्र त्यांनी त्याज्य मानले नाही. १९७४ च्या रेल्वे संपात आपले कार्यकर्ते उतरले होते. पण शस्त्र उचलण्याआधी हात तयार हवा, आणि उद्योग हा परिवार मानायचा तर भांडणानंतर एकत्र जेवायला बसण्याची सोयही हवी. ही दुसरी गोष्ट येलला फारशी साधली नाही. तेथे १९९६ आणि २००३ मध्येही संप झाले.

आता कायद्याची गोष्ट, थोडक्यात. विद्यापीठ हा उद्योग आहे की नाही, यावर आपल्या न्यायालयांत जुना वाद आहे. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले, १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात होय म्हटले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यातील काही तरतुदींवर मजदूर संघाचे आक्षेप आहेत आणि ते योग्य आहेत. पण तिच्यात संपापूर्वी १४ दिवसांची पूर्वसूचना आहे, आणि एकमेव वाटाघाटी संघटना म्हणून मान्यतेसाठी ५१ टक्के सभासदांची अट आहे. विद्यापीठांना ती कोठवर लागू होईल ते कायदेपंडित सांगतील. पण ५१ टक्के म्हटले की मला ती ३९ मते आठवतात.

सत्र संपल्यावर चहा आहे. त्यापूर्वी प्रत्येकाने एक कोरा कागद घ्यावा. त्यावर आपल्या इमारतीचे मजले काढावेत, टेबले काढावीत आणि प्रत्येक टेबलावर बसणाऱ्याचे नाव लिहावे. कंत्राटी सेवक, सुरक्षारक्षक आणि सफाई करणाऱ्या भगिनीसुद्धा. ज्या टेबलाचे नाव आठवत नाही ते रिकामे ठेवावे. दुपारच्या गटचर्चेत आपण त्या रिकाम्या टेबलांपासून सुरुवात करू.